परक्याच्या आधीचा घास

एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध पाळकबाबा राहत असत. प्रभू येशूची सेवा करता करता त्यांचे केस पांढरे झाले होते. अमोस नावाचा शिष्य घरदार सोडून त्यांच्यापाशी शिकत होता. बाबांच्या मुखातून एखादा मायेचा शब्द निघावा, एवढ्यासाठी तो दिवसभर राबे. बाबा मात्र मितभाषी.

एके दिवशी घाट उतरून एक अनोळखी वाटसरू लंगडत आला. अंगात ताप, पायाला चिघळलेली जखम. गाव कोणते, धर्म कोणता, हे बाबांनी विचारलेही नाही. स्वतःच्या अंथरुणावर त्याला निजवले, त्याचे पाय धुतले. त्याचे हात थरथरत, म्हणून बाबा त्याला आपल्या हाताने भरवू लागले. अमोसचा संध्याकाळचा पाठही त्या गडबडीत राहून गेला.

अमोसच्या काळजाला जणू इंगळी डसली. 'मी इतकी वर्षे पाणी भरतो, सरपण फोडतो. मला कधी घास भरवला नाही. आणि हा कोण कुठला!' पाहुण्याचा ताप उतरत गेला, तसा अमोसचा चढत गेला. जखमेची पट्टी बदलायला सांगितली, की तो मुद्दाम विहिरीवर निघून जाई.

अखेर एका दुपारी बाबा दुधात भाकरी कुस्करून पाहुण्याजवळ बसले, तेव्हा अमोसला राहवले नाही.

"बाबा, मी तुमचा कोण?" तो ओरडला. "सगळी माया या परक्यालाच?"

बाबा उठले. ताटली घेऊन अमोससमोर बसले आणि पहिला घास त्याच्या ओठांशी नेला. "घे."

अमोस गोंधळला. इतक्यात पाहुणा क्षीण आवाजात म्हणाला, "भरवा बाबा, त्याला आधी. दिवसभर राबतो बिचारा. मी थांबतो."

अमोसने घास तोंडात घेतला. ज्याचे तोंड पाहणे त्याला नकोसे झाले होते, त्याच पाहुण्याने अमोसचे कष्ट पाहिले होते.

बाबा हळूच म्हणाले, "तुझ्या वाट्यातलं काढून मी याला देत नव्हतो, अमोस. माया माझ्या पदरची असती, तर वाटून संपली असती. ती प्रभूची आहे. आपण परके असताना त्यानं आपल्याला जवळ केलं. आता दाराशी आलेल्याला आपणच परका म्हटलं, तर प्रभूचं नाव कोणत्या तोंडानं घ्यायचं?" मग ते म्हणाले, "पण तूही उपाशी आहेस, हे माझ्या ध्यानात आलं नाही. चुकलं माझं."

अमोसचे डोळे भरून आले. त्याने बाबांच्या हातची ताटली घेतली आणि तो पाहुण्याजवळ जाऊन बसला.

"दादा, जेवा आता," तो म्हणाला, आणि त्या माणसाच्या चेहऱ्याकडे त्याने प्रथमच नीट पाहिले.

मत्सराने कडू झालेल्या तोंडाला चव येते, ती दुसऱ्याला वाढल्यावरच.