दह्यातलं बोट

फार पूर्वी, म्हणजे माझ्यासुद्धा आधी, एका गावात दोन दहीवाल्या राहायच्या. एक धोंडाबाई, दुसरी तुळसाक्का. दारं समोरासमोर, मध्ये गल्ली. उजाडलं रे उजाडलं की यांचं भांडण सुरू.

"तुळसे, तुझ्या दह्यात मासे पोहतील गं!"

"आणि तुझ्या दह्यावर माशी बसली तर तोंड वाकडं करून उडते, एवढं आंबट!"

गाव हसायचं आणि दोघींकडनं दही घ्यायचं. पण या दोघींची एक रीत होती. विरजण म्हणजे कालच्या दह्यातलं चमचाभर, ते आजच्या दुधाला लावायचं. उन्हाळ्यात ते बिघडतं, कधी मांजर तोंड घालतं. मग ज्या बाईचं विरजण गेलं ती वाटी घेऊन गल्ली ओलांडायची. दुसरी ते द्यायची. शिव्या देत द्यायची, पण द्यायची. ते विरजण किती वेळा इकडून तिकडे गेलं, कुणी मोजलं नाही. खरं म्हणजे दोघींचं दही एकच होतं, पण हे त्यांना सांगायची कुणाची छाती?

त्या गावाचा राजा मोठा हुकूमवाला. कोंबडा आरवला तरी विचारायचा, "कुणाला विचारून?" एक दिवस त्यानं धोंडाबाईचं दही खाल्लं, मिशी पुसली आणि कारभाऱ्याला पाठवलं.

कारभारी म्हणाला, "धोंडाबाई, राजाचा हुकूम आहे. उद्यापासून गावात दही एकाच घरी लागणार, तुझ्या. बाकी कुणाकडे विरजण सापडलं तर मडकी फोडायची आणि माणूस कोठडीत. तू फक्त हो म्हण."

धोंडाबाईनं समोर बघितलं. तुळसाक्का पायरीवर बसून मडकी घासत होती. धोंडाबाई 'नको' म्हणणारच होती. पण मग तिला डोळ्यांपुढे दिसलं, सगळं गाव आपल्या एकटीच्या दारात उभं आहे.

"हो," ती म्हणाली.

तुळसाक्काची मडकी गल्लीत फुटली. ती रडली नाही. पदर खोचत एवढंच म्हणाली, "धोंडे, उद्यापासून तुला शिव्या कोण देणार गं?"

सुरुवातीला धोंडाबाईची मजाच मजा. दारात ही रांग! पण लवकरच कारभारी येऊन उंबऱ्यावरच बसला. राजा म्हणतो, दही घट्ट हवं. दुसऱ्या दिवशी, गोड हवं. मग म्हणे दूध राजाच्या गोठ्यातलंच घ्यायचं. त्या दुधात राजाची माणसं पाणी घालायची. सांगायचं कुणाला? तक्रार राजाकडे आणि दूधही राजाचंच.

आणि सगळ्यात वाईट काय, सांगू? कारभारी सारखा झाकण उघडायचा. मडक्यात बोट घालायचा.

"लागलं का?"

"अहो कारभारी, हलवू नका! दही एकटं राहिलं तरच लागतं."

"राजाला कळवायचं असतं बाई. किती लागलं ते." आणि पुन्हा बोट!

धोंडाबाईला बसवेना की उठवेना. घास तोंडात आणि नजर झाकणावर. शेवटी तीसुद्धा फडकं उचलून उचलून बघायला लागली. दोघांनी मिळून त्या बिचाऱ्या दह्याला श्वास घेऊ दिला नाही. व्हायचं तेच झालं. एका सकाळी झाकण उघडलं तर दह्याला तार सुटलेली, घरभर घाण वास. विरजण गेलं.

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी राजाकडे व्याही जेवायला यायचे होते! धोंडाबाईनं सवयीनं वाटी उचलली, गल्ली ओलांडली. कारभारी मागे मागे.

"तुळसे, चमचाभर विरजण दे गं."

तुळसाक्कानं कारभाऱ्याकडे बघितलं. "विरजण? ते काय असतं बाई? खायचं असतं का अंगाला लावायचं?"

कोपऱ्यात टोपली पालथी घातलेली होती आणि तिच्याखालून गोडसर आंबट वास येत होता. धोंडाबाईच्या नाकाला तो बरोबर कळला. पण बोलली असती तर तुळसाक्का कोठडीत. ती रिकामी वाटी घेऊन वळली. पुढच्या घरी बाई म्हणाली, "आमच्यात दही कुणी खातच नाही." तिच्या कडेवरच्या पोराला ही एवढी पांढरी मिशी!

राजानं दवंडी पिटवली, विरजण आणेल त्याला शालू. कोण आणणार? आणलं म्हणजे लपवून ठेवलं होतं हे कबूल.

राजा ओरडला, "माझ्या राज्यात चमचाभर विरजण नाही?"

कारभारी म्हणाला, "आपल्याच हुकमानं नाही, महाराज."

व्याह्यांनी कोरडा भात घशाखाली ढकलला आणि तोंडं फिरवली. राजा लालबुंद झाला. "चूक कुणाची?"

कारभाऱ्यानं बोट धोतराला पुसलं आणि तेच बोट धोंडाबाईकडे केलं.

तिचीही मडकी गल्लीत फुटली. कुठली खापरं तिची, कुठली तुळसाक्काची, ओळखू येईना. धोंडाबाई पायरीवर बसून राहिली. उद्या चुलीवर काय ठेवायचं, तेही तिला ठाऊक नव्हतं.

कारभारी गल्लीच्या टोकाला वळला, तसं समोरचं दार चार बोटं उघडलं. फटीतून एक हात आला. हातात वाटी.

"घे, भवाने. आणि सारखं उघडून बघू नकोस."

"तुळसे, हुकूम मी मागितला नव्हता गं. पण मी हो म्हणाले."

"ठाऊक आहे. म्हणून तर वाटी अर्धीच भरलीय. पळ आता!"

धोंडाबाईनं पदराखाली वाटी धरली. इकडे बघत, तिकडे बघत घर गाठलं. दार लावलं, न फुटलेल्या एका गाडग्यात दूध विरजलं. दिवसभर ती घरात येरझाऱ्या घालत होती, पण झाकणाला हात लावला नाही. सकाळी दही असं लागलं, चमचा उभा राहिला!

तेव्हापासून दोघी पुन्हा रोज भांडायला लागल्या. पण दाराच्या फटीतून, कुजबुजत. "तुझ्या दह्यात मासे..." एवढ्यात पावलं वाजली की दोन्ही दारं बंद.

तात्पर्य, पोरांनो आणि थोरांनो: शेजारणीचं मडकं फोडायला हो म्हणाल, तर फोडणाऱ्याला तुमच्या गल्लीची वाट कळते. आणि लागत्या दह्यात बोट घालू नये, मग ते बोट राजाचं का असेना.