उन्हात बसणारा रानपिंगळा

सातपुड्याच्या कुशीत, जिथे सागाची पानं सुपाएवढी होतात, तिथे सोमती नावाची चिमुरडी आईबरोबर राहायची. घरात दाणा नसला की मायलेकी मोहाची फुलं वेचून पोट भरत. तरी सोमती पाखरांसाठी मूठभर फुलं झाडाखाली ठेवायचीच.

त्या सकाळी मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. रानपिंगळा नावाचं छोटंसं, दुर्मिळ घुबड इथे आहे का, हे शोधायला शहरातून वृंदाताई आली होती. ते सापडलं नाही, तर कुऱ्हाडी घेऊन आलेली माणसं दुपारी झाडं तोडणार होती. ताई नवखी, बिचारी आठ रात्री बॅटरी घेऊन भटकली. घुबड म्हणजे रात्रीचंच, नाही का? सोमतीने सांगून पाहिलं, "ताई, थो दिवसाच निंगते वो!" सगळे हसले. मोठ्यांना आपलं हसायला फार लवकर येतं.

मुसमुसत सोमतीने एक फूल उचललं, तर आत इवलीशी परी! सायीच्या रंगाचे नाजूक पंख आणि त्यांवर सोनेरी चमचम.

"पाखरांना खाऊ ठेवणारी तूच ना?" परी हळूच म्हणाली. "एक इच्छा माग. पण जे नीट निरखून पाहिलं असशील तेच मिळेल. एक ठिपका चुकला, तरी इच्छा वाया!"

पोटात कावळे ओरडत होते. गरम भाकरी तर सोमतीला तोंडपाठ होती! तरी ती म्हणाली, "ताईले रानपिंगळा दिसू दे."

"बरं. त्याच्या डोक्यावर ठिपके किती?"

सोमती घाबरली. चुकलं तर सगळं रान जाणार! तिने डोळे मिटले. "एकबी नाई! डोकं कोरं, पाय पांढरे, शेपटीवर जाड पट्टे. ठिपकेवाला थो गावातला, दुसरा पिंगळा!"

परी खुदकन हसली. त्याच क्षणी सागाच्या ढोलीतून रानपिंगळा बाहेर आला आणि लख्ख उन्हात, ताईसमोरच्या फांदीवर शेपटी हलवत बसला.

"अगं बाई, खरंच की!" ताई ओरडली.

कुऱ्हाडी खांद्यावर टाकून माणसं परत गेली. सोमतीने हायसं वाटून मूठभर फुलं झाडाखाली ठेवली. ताई तिच्याजवळ आली.

"चुकलंच माझं, सोमती. आता तू मला पाखरं शिकवायची. आईला रान राखायचं काम, आणि दोघींना रोज पोटभर जेवण. चालेल?"

सोमतीने मान डोलावली आणि परीकडे पाहून हात हलवला. परी उन्हात सोनेरी सोनेरी होत विरून गेली. ताईने वही उघडून पहिली ओळ लिहिली, 'रानपिंगळा, भरदिवसा. सोमतीने दाखवला.'