डॉक्टरचा स्वच्छ चेहरा

कोल्हापुरात सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या हिंदुराव मेस्त्रींची सही कुणी शोधत नसे. अर्ध्या चेहऱ्यावर हिरवी सावली दिसली की लोक म्हणत, "मेस्त्रींचं काम!"

निर्माते दौलतराव जाचक महासंशयी. खुनाच्या सिनेमाची गोष्ट त्यांनी मेस्त्रींनाही सांगितली नाही. पाच नटांचे फोटो देऊन एवढंच बजावलं, "चौघांवर तुमची सावली टाका. पाचवा, गळ्यात स्टेथोस्कोप असलेला डॉक्टर, मात्र स्वच्छ हवा. त्याचा कुणाला संशय यायला नको."

पोस्टर चौकात लागलं आणि दुसऱ्याच दिवशी पानटपरीवर जो तो म्हणू लागला, "खून डॉक्टरनंच केलाय!"

दौलतराव चार माणसांदेखत कडाडले, "मेस्त्री, गुपित फोडलंत! गोष्ट कुणाकडून काढलीत? आता तुम्हाला काम कोण देतो तेच बघतो."

मेस्त्रींनी शांतपणे ब्रश पुसला. "मालक, पाचांत एकटाच धुतल्या तांदळासारखा दिसला, तर लोक दुसऱ्या कुणाला धरतील? मलाही तुमचा हुकूम ऐकूनच कळलं."

दौलतराव वरमले. "मग आत्ताच्या आत्ता त्याच्यावरही सावली टाका!"

"टाकतो की. पण भर चौकात शिडी लावून एकट्या डॉक्टरचं तोंड रंगवायला लागलो, तर ज्यांना अजून कळलं नाही, त्यांनाही कळेल."