थोमाची पेज

“मनात क्षमा नसताना केलेली दया खरी कशी मानायची, बाबा?”

शिमोनबाबा बाज विणत होते. चाळीस वर्षं पाळक म्हणून काम करून ते आता चर्चमागच्या खोलीत राहत. विचारणारा नथनेल हा मंडळीचा नवा पाळक. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत पहिला आलेला.

“कोणाची दया?” बाबांनी विचारलं.

“तबीथाबाईंची.”

बाबांना ते घर ठाऊक होतं. तबीथाचा नवरा थोमा बारा वर्षांपूर्वी तिला टाकून गेला आणि दुसरीकडे संसार मांडून बसला. या उन्हाळ्यात त्याला लकवा मारला. तेव्हा तिकडच्यांनी त्याला टेम्पोत घालून आणलं आणि तबीथाच्या दारात सोडलं. तिने त्याला आत घेतलं.

“त्याला भरवतात, धुतात, पुसतात,” नथनेल म्हणाला. “पण सगळं तोंड फिरवून. एक शब्द बोलत नाहीत. मला म्हणाल्या, ‘पाळकसाहेब, त्याला बघितलं की डोकं भणभणतं. मी त्याला माफ नाही केलं.’”

“तू काय सांगितलंस?”

“खरं तेच सांगितलं. प्रभूला मन हवं. मनात विष ठेवून भरवलेला घास म्हणजे ढोंग. आधी मन साफ करा, मग सेवा.”

बाबांचा हात थांबला.

“मग?”

“लागलं त्यांना. काल सकाळी भावाकडे गेल्या, प्रार्थनेला बसायला. मन साफ झालं की येईन म्हणाल्या.”

“आणि थोमा?”

“घरी आहे. शेजारीण पाणी ठेवून जाते.”

“भरवतं कोण?”

“मंडळीतलं कोणीतरी…”

“कोण?”

“कोणाला सांगायचं राहून गेलं.”

“तू काय केलंस कालपासून?”

“मी तबीथाबाईंसाठी उपास धरलाय, बाबा.”

“म्हणजे दोघांचा उपास चाललाय.”

बाबा उठले. त्यांनी चुलीवर कण्यांची पेज ठेवली.

पेज घेऊन दोघे तबीथाच्या घरी गेले. थोमाच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत वास कोंडला होता. अंथरूण ओलं. थोमाचे ओठ फुटलेले, डोळे उघडे. पाण्याचा तांब्या उशाशी होता, पण उजव्या बाजूला. त्या बाजूचा हात हलत नव्हता.

बाबांनी त्याला पुसलं, अंथरूण बदललं. मग वाटी नथनेलच्या हातात दिली.

पहिला चमचा हनुवटीवरून ओघळला. दुसऱ्या वेळी थोमाने डाव्या हाताने नथनेलचं मनगट पकडलं. चमचा निघून जाईल अशी भीती वाटली असावी.

“बाबा,” नथनेल हळू आवाजात म्हणाला, “मला किळस येतेय. या माणसाबद्दल माझ्या मनात काहीच नाही… थोडंसुद्धा.”

“लहान घास दे,” बाबा म्हणाले. “ठसका लागेल.”

वाटी संपायला अर्धा तास लागला. थोमाने मनगट सोडलं नाही.

संध्याकाळी नथनेल पुन्हा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. दुपारी बाबा पेज घेऊन आले आणि नथनेल थोमाला उशीला टेकवून बसवत होता, तेवढ्यात एसटीतून उतरून तबीथा आली. पिशवी हातातच. ती उंबऱ्याबाहेर थांबली.

“पाळकसाहेब, रात्रभर गुडघ्यांवर होते. नाही झालं मन साफ.”

नथनेलने मान वर केली नाही.

“माझं चुकलं, बाई,” तो म्हणाला. “मी तुम्हाला तसं सांगायला नको होतं.”

तबीथा त्याच्याकडे बघत राहिली. मग थोमाकडे. मग तिने नजर वळवली.

“बाबा, मी आत येऊ कशी? आत अजून तसंच आहे सगळं…”

बाबांनी वाटीवरचं झाकण काढलं.

“हात धू आणि बस, पोरी. पेज निवतेय.”