सातव्या आसरेची वाट

एकदा काय झालं, एका राजाला वाटलं, आपल्या राज्यात हा एवढा मोठा माळ ओसाड पडलाय, इथं घरं का नसावीत? मग त्यानं दवंडी पिटवली. ज्याला घर हवंय त्यानं माळावर यावं. या पुनवेपासून पुढच्या पुनवेपर्यंत जोतं बांधावं आणि त्यावर दाराची चौकट उभी करावी. जोतं म्हणजे ठाऊक आहे ना? घर ज्याच्यावर उभं राहतं तो दगडांचा ओटा. तर पुनवेला दिवस मावळायच्या आत चौकट उभी दिसली, तर जागा त्याची. नाही दिसली, तर त्यानं चालू लागायचं.

ही दवंडी ऐकली ठकूनं. ठकू होती मेंढपाळाची बायको. तिचा नवरा बिरा. आज या रानात, उद्या त्या रानात, अशी त्यांची सगळी हयात मेंढरांमागं चालण्यात गेलेली. ठकूची सासू होती धोंडाबाई. ती तर चालत्या वाटेवरच जन्मली होती. पण आता तिचे गुडघे गेले होते. उभं राहवेना. घोड्यावर बसवलं तर घसरून पडायची. आणि त्या वर्षी घाट चढताना ती म्हणाली, "मला हितंच देवळापाशी ठेवा. भाकरीचं कुणीबी बघंल. तुमी म्होरं व्हा."

त्या दिवशी ठकूला घास गिळवेना. आणि दुसऱ्याच दिवशी ही दवंडी कानावर आली, बरं का.

मग बिरानं मेंढरं भावाच्या हवाली केली. धोंडाबाईला पाठीवर घेतलं. ठकूनं कडेवर आपली नऊ महिन्यांची लेक घेतली, तिचं नाव जनी. आणि सगळी माळावर आली, राहायला एक कापडाचं पाल ठोकलं. शेजारच्या गावातून एक गवंडी बोलावला. खंडेराव त्याचं नाव. दोन मेंढ्या आणि एक घोंगडी एवढ्यावर तो यायला तयार झाला. माणूस कामाचा होता, पण भित्रा.

मग आखणी झाली. चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, सुतळीखालून चुन्याची पांढरी रेघ ओढली. ही खोली, ही पडवी, इथं चूल. ठकू त्या रेघांच्या आत जाऊन उभी राहिली. नुसत्या रेघा हो! पण तिला वाटलं, आपण घरात उभ्या आहोत.

सकाळी उठून बघतात, तर खुंट्या उपटून लांब फेकलेल्या. आणि मागच्या बाजूपासून पुढच्या बाजूपर्यंत, मधोमध, हातभर रुंदीचा चुना धुऊन गेलेला. पाऊस नाही, दंव नाही. खंडेराव म्हणाला, "गुरं फिरली असतील." पण माळावर एक खूर उमटलेला नव्हता. कुणीच कुणाकडं बघितलं नाही.

मग पुन्हा आखलं. पाया खणायला घेतला. बिरा कुदळ मारायचा, ठकू घमेल्यानं माती उचलायची. जनीला धोंडाबाईच्या मांडीवर टाकून दिवसभर तेच. आठ दिवसांत माणूसभर खोल चर झाला. खाली कडक मुरूम लागला, कोरडा ठणठणीत. नवव्या दिवशी सकाळी बघतात तर काय, सगळा चर पाण्यानं काठोकाठ! पाणी इतकं गार, की हात घातला तर हाडात कळ जावी. तीन दिवस उपसलं. उपसून उपसून ठकूचे तळहात सोलून निघाले. पाणी कुठून येतं ते मात्र कुणाला दिसलं नाही.

चंद्र संपला होता. आता नवीन कोर दिसायला लागली.

मग चरात दगड बसवले. मोठे खाली, लहान मधे, फटींत चिपा ठोकलेल्या. खंडेरावानं ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, सोडून भिंत सरळ आहे का ते बघितलं. पाया जमिनीच्या वर आला. आणि दुसऱ्या सकाळी मधले दगड बाजूला सरकलेले. पडलेले नव्हते बरं का. सरकलेले. दोन हातांनी गर्दी बाजूला सारत कुणी निघून जावं, तसे.

खंडेरावाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "बिराप्पा, खोटं सांगत न्हाई. ह्यो पाया माणूस मागतोय."

बिराच्या हातातली पहार खाली पडली. ठकूनं जनीला छातीशी धरलं. आणि धोंडाबाई अगदी सहज, सुपारी मागावी तशी म्हणाली, "मग म्या हाय की. माझा आता दुसरा काय उपेग?"

"आत्याबाई!" ठकू ओरडली. सासूवर ती जन्मात कधी ओरडली नव्हती. "घर कुणासाठी बांधतोय आपण? तुम्हांला पुरून त्याच्यावर म्या चूल मांडू? पुन्यांदा हे बोलायचं न्हाई!" मग ती खंडेरावाकडं वळली. "आन् तुमी बी ऐका. दगड बसवा. ह्या बारीला असे बसवा की मुंगी शिरायची न्हाई."

मग खंडेरावानं भीतभीत पुन्हा दगड बसवले. घट्ट, एकमेकांत दात रोवल्यासारखे. पाया टिकला. एक दिवस टिकला, दोन दिवस टिकला. जोतं गुडघ्याएवढं उंच झालं. आत मुरूम भरून ठोकून घट्ट केला. चौकटीची लाकडं तासून झाली. आणि पुनवेचा दिवस उजाडला.

दुपारी ठकू मागच्या बाजूला गेली. तिथला पायाबाहेरचा चर अजून बुजवायचा होता. बघते तर चरात पाणी चढतंय. आणि पायाखालची जमीन थरथरतेय, तापलेल्या माणसाचं अंग थरथरतं तशी. वरच्या टेकडीला चिरा पडत होत्या. बारीक बारीक, पण पडत होत्या.

खंडेरावानं थैली उचलली. "पळा," म्हणाला. "म्या सांगितलं हुतं. माणूस मागतोय."

ठकू भ्यायली नाही असं मी म्हणणार नाही. पण ती म्हणाली, "मागतोय तर कोण मागतंय, ते तरी इचारू." तिनं जनीला सासूकडं दिलं, लुगडं खोचलं आणि चरात उतरली. पाणी घोट्यापर्यंत होतं. तिनं खाली वाकून विचारलं, "कोण हाय? काय पायजे तुला?"

मग पाणी हललं. आणि तिच्यासमोर एक बाई उभी राहिली. हिरवं लुगडं, केस मोकळे, आणि केसांतून पाणी निथळतंय, निथळतंय, थांबतच नाही. ती होती आसरा. आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया, सात बहिणी असतात त्या. ही सगळ्यात धाकटी, सातवी.

"मला माणूस नको," आसरा म्हणाली. "मला माझी वाट हवी. मी रोज टेकडीतून निघते आणि इथून, मातीखालून, खालच्या डोहाला जाते. माझ्या सहा बहिणी तिथं आहेत. मी तुमच्या खुंट्या काढून टाकल्या. तुम्हांला कळलं नाही. मी चर भरला. मी दगड सारले. आता तुम्ही वाट पुरतीच बुजवलीत. तीन दिवस मी टेकडीच्या पोटात कोंडून राहिलेय. आज पुनव. आज आम्ही सातजणी एका ताटात जेवतो. दिवस मावळेपर्यंत वाट मोकळी झाली नाही, तर मी टेकडी फोडून जाईन. मग तुमचं जोतंही जाईल आणि तुम्हीही."

ठकू म्हणाली, "बाई गं, जोत्याखालून तुला मोरी काढून देते. मागनं म्होरं, सरळ. वर घर, खाली तुझी वाट."

"वरच्या गावात एकानं असंच सांगितलं होतं," आसरा म्हणाली. "नुसता चर काढला. उघडा. आठ दिवसांत त्यात माती लोटली. वरून दगड झाकल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही. आणि तोवर तू इथंच उभी राहायचंस. माझं पाणी चढत राहील. ते माझ्याही हातात नाही."

तिनं ठकूचे दोन्ही घोटे धरले. धरले ते धरलेच.

बिरा वर काठावर होता. त्यानं सगळं ऐकलं आणि उडी मारायला वाकला. ठकू म्हणाली, "अवं, मला हात लावू नका. दगडाला लावा. बिगी!"

मग बिरानं पहार उचलली. खंडेराव थैली खांद्याला लावून वाटेकडं निघाला होता. चार पावलं गेला. थांबला. तिथं उभ्या उभ्या त्यानं काय विचार केला कोण जाणे, पण त्यानं थैली भुईवर आपटली आणि परत आला.

बांधलेलं जोतं त्यांनी मधोमध फोडलं. आपल्याच हातानं बांधलेलं! दोन्ही बाजूंनी दगड रचत मोरीच्या भिंती धरल्या. पुढच्या तोंडाला मातीचा बांध तसाच राखला, कारण झाकायच्या आत पाणी सुटलं असतं तर भिंती वाहून गेल्या असत्या. ठकूला यातलं काही दिसत नव्हतं. ती भिंतीएवढ्या चरात उभी. तिला नुसतं ऐकू येत होतं. पहारीचा खणखणाट. खंडेरावाचं "थोडा डावीकडं, थोडा." आणि जनीचं रडणं.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं. पाय बधिर झाले. तिनं मनातल्या मनात दगड मोजायला घेतले, पण मोजणी चुकायला लागली.

पाणी कमरेपर्यंत आलं. वर बिरा म्हणाला, "पयला झाकला!" तीन लांब दगड झाकायचे होते. उन्हाचा कवडसा चराच्या काठावरून वर सरकत चालला होता.

पाणी छातीपर्यंत आलं. "दुसरा झाकला!"

आणि मग जनीचं रडणं बंद झालं. एकदम. ठकूच्या काळजाचं पाणी झालं. "आत्याबाई! जनी का गप झाली? आत्याबाई!" कुणी उत्तर देईना. वरून नुसती धाप ऐकू येत होती. बिराची आणि खंडेरावाची. तिसरा दगड सगळ्यात जड होता आणि तो दोघांना हलत नव्हता. पहार खाली घातली तर उचलायला माणूस उरेना, उचलायला लागावं तर पहारीवर माणूस उरेना.

पाणी गळ्याशी आलं. ठकूनं हनुवटी वर केली. आसरा तिच्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांतही पाणीच होतं, पण ते कसलं ते कोण सांगणार.

मग ठकूला एक आवाज आला. काहीतरी घासत चाललंय. मुरमावरून. हळूहळू. आणि लगेच सासूचा आवाज, "सरक तिकडं. पहार मला दे."

धोंडाबाई जोत्यापर्यंत सरपटत आली होती! त्या गुडघ्यांवर! बरं, जनीचं काय केलं तिनं? तिला मोकळ्या घमेल्यात बसवली आणि हातात भिजलेल्या मातीचा गोळा दिला. ती बया माती खात मजेत बसलेली. म्हणून गप्प!

धोंडाबाई पहारीवर आडवी पडली. सगळं अंग टाकलं तिनं. दगड बोटभर उचलला गेला. तेवढ्यात बिरानं आणि खंडेरावानं दोन बाजूंनी हात घातले. "हां... हां... सोड!" दगड धप्पकन बसला. पाणी ठकूच्या ओठांना लागलं होतं. बिरा पुढच्या बाजूला धावला आणि त्यानं कुदळीच्या एका घावात मातीचा बांध फोडला.

मग काय झालं! ठकूचे घोटे सुटले. चरातलं पाणी गर्रकन फिरलं आणि मोरीत शिरलं. जोत्याखालून धडधडत गेलं, पुढून बाहेर पडलं आणि उतारावरून डोहाकडं निघालं. हिरव्या लुगड्याचा पदर एकदा दिसला. पुन्हा नाही. टेकडी शांत झाली.

बिरानं ठकूला वर काढलं. तिला बोलता येत नव्हतं, दात वाजत होते. तरी तिनं बोटानं पश्चिमेकडं दाखवलं. सूर्य टेकला होता. मग बिरानं आणि खंडेरावानं चौकट उचलली, जोत्यावर उभी केली, दोन बाजूंनी टेकू दिले. खंडेरावानं ओळंबा धरला. दोरी हलायची थांबेपर्यंत सगळ्यांनी श्वास रोखून धरले. आणि तेवढ्यात राजाचा कारभारी घोड्यावरून आला.

त्यानं जोतं बघितलं. मोरी बघितली. चिखलानं माखलेली ती चार माणसं आणि घमेल्यातली पोर बघितली.

"चौकट कुणाची?" त्यानं विचारलं.

धोंडाबाई म्हणाली, "माझ्या सुनेची. ठकूची."

कारभाऱ्यानं वहीत नाव लिहिलं आणि गेला. लिहिलं काय, तर ठकू. बिराचं नाव त्यानं विचारलंच नाही!

मग ठकूनं सासूला काखेत हात घालून उभं केलं. धोंडाबाईनं चौकटीतून उजवा पाय आत टाकला. आत होतं काय? भिंत नाही, छप्पर नाही, नुसता ओला मुरूम आणि वर पुनवेचा चंद्र. ती तिथंच बसली. ठकू म्हणाली, "आत्याबाई, आज पालात निजा, हितं गारवा हाय." तर म्हातारी म्हणाली, "आपलं घर सोडून पालात कोण जाईल?" आणि डोक्याखाली हात घेऊन झोपलीसुद्धा.

पुढं भिंती आल्या, छप्पर आलं. आसरा रोज जोत्याखालून बहिणींकडं जात राहिली. उन्हाळ्यात ते घर गार असायचं, आणि भुईला कान लावला की तिची चाहूल लागायची. ठकू, बिरा, जनी आणि धोंडाबाई तिथं खूप वर्षं सुखानं राहिली.

झालं. आता डोळे मिटा बघू. कोण अजून जागं आहे? पांघरूण ओढा आणि झोपा गुपचूप.