वरून चकचकीत सांधा

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. डोंगरावरच्या एका गावात प्यायला पाणी नव्हतं. बाया पायथ्याच्या विहिरीवरून तीनशे पायऱ्या घागरी चढवत. शेवटी राजालाच लाज वाटली. पलीकडच्या उंच झऱ्यापासून गावच्या चौकापर्यंत तांब्याची नळी घालायचा त्याने हुकूम दिला.

काम गावच्या म्हाताऱ्या तांबटाकडे आलं. एका नळीचं टोक दुसरीच्या तोंडात सारायचं आणि सांधा वितळलेल्या कथलाने झाळून पक्का जोडायचा. पण त्याआधी म्हातारा दोन्ही टोकं चिंच आणि वाळूने घासत बसे. आतून, बाहेरून, लखलखीत होईपर्यंत.

राजाच्या कारभाऱ्याला भारी घाई. एक दिवस भर चौकात तो ओरडला, "अहो बाबा, लग्नाची भांडी घासताय का? आतलं कोण बघतंय?"

"पाणी बघतंय!" म्हातारा उसळला. "मळक्या तांब्याला कथील धरत नाही. घाई तुम्हाला आहे, नळीला नाही."

कारभाऱ्याने त्याला कामावरून हाकललं. चौकाकडचे उरलेले सांधे दुसऱ्यांकडून तीन दिवसांत उरकले. घासणं नाही, पुसणं नाही. वरून कथील थापलं आणि चकचकीत केलं. झालं काम!

पाणी सोडायच्या दिवशी राजासकट सगळा गाव चौकात जमला. पाणी काही आलं नाही. चौकाजवळचे सांधे फुटून ते ओढ्याला चाललं होतं.

कारभारी हात जोडून म्हणाला, "महाराज, हे त्या तांबटाचं काम. डोळे गेलेत म्हाताऱ्याचे."

राजाने म्हाताऱ्याची हातोडी काढून घ्यायला सांगितलं.

म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पन्नास वर्षं त्याने गावचे हंडे झाळले होते. एक थेंब कधी गळला नव्हता.

"न्या हातोडी!" तो गरजला. "पण आधी शेगडी आणा. एक सांधा झऱ्याजवळचा घ्या, तो माझा. एक इथला घ्या. दोन्ही तापवून सोडवा. आत बघा आणि मग मला बोला!"

पाणी अडवलं, नळी रिकामी केली. चौकातला सांधा तापताच गळून पडला. आत तांबं काळंकुट्ट, कथलाचा टिपूस नाही. म्हाताऱ्याचा सांधा मुश्किलीने सुटला. आत कथील चांदीच्या कड्यासारखं गोल फिरलेलं.

गर्दीतून एक म्हातारी ओरडली, "कारभारी, आता सगळ्यांनी बघितलं बरं का आतलं!"

राजाने हातोडी परत दिली. मग हुकूम सोडला, सगळे सांधे नीट झाळून होईपर्यंत पायऱ्यांवरून गावचं पाणी कारभाऱ्याने वाहायचं.

म्हातारा चिंच आणि वाळू घेऊन बसला. त्याने मुळीच घाई केली नाही.

तात्पर्य एवढंच: न दिसणाऱ्या जागी जो काम चुकवतो, त्याला चारचौघांत मान खाली घालावी लागते.