पहिलवानाची पाठ

"मग औषध देणार का नाही, वस्ताद?"

सर्जेरावानं तिसऱ्यांदा विचारलं. बाबालाल वस्ताद तालमीतली माती फावड्यानं उकरत राहिले. वय अठ्ठ्याहत्तर.

सर्जेराव त्यांचा लाडका पठ्ठा. एके काळी भल्याभल्यांना चीत केलेलं. आता सेहेचाळीसचा, वजन एकशेदहा, आणि आठ महिने झाले, बायकोजवळ गेला की अंगात जीव नाही. तंबूतल्या वैदूचं तेल चोळून झालं. काही नाही.

काल मालन, त्याची बायको, म्हणाली, "तिचं नाव तरी सांगा."

दुसरी बाईच कुणी नव्हती. पण खरं सांगायचं कुठल्या तोंडानं?

"सकाळी खातोस काय?" वस्तादांनी विचारलं.

"तुम्हीच लावून दिलेलं. दोन लिटर दूध, पावशेर तूप, बदामाची थंडाई. एक दिवस चुकवला नाही!"

"आणि जोर-बैठका?"

"त्या… झाली की पंधरा वर्षं सोडून."

"कुस्ती सुटली, खुराक नाही सुटला. भले!" वस्तादांनी फावडं टेकवलं. "टाचेला रक्त कसलं रे?"

सर्जेरावानं पाय उचलून बघितला. बाभळीचा काटा चपलेतून आत घुसून मोडलेला, बोटाच्या पेराएवढा.

"कधी घुसला?"

"काय की… कळलंच नाही."

वस्तादांनी काटा उपसला. गडी हूं की चूं नाही.

"तहान लागते? रात्री लघवीला उठतोस?"

"चार-पाच वेळा."

"माझ्या थोरल्या भावाचं असंच. आधी बायकोजवळचं गेलं. लाजेनं गप बसला. रक्तात साखर वाढली होती, ते शरीरानं तिथं पहिलं सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही. चार वर्षांनी पाय कापला."

सर्जेरावानं टाच हातानं दाबून धरली.

"उद्या उपाशीपोटी दवाखान्यात जा. रक्त दे, बीपी बघ. कशापायी आलास तेही डॉक्टरला सांग. आणि आज मालनला."

"डॉक्टरचं ठीक आहे. पण मालनला? वस्ताद, पहिलवान माणूस मी! असलं बोललो की संपलंच."

उभ्या हयातीत वस्तादांची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. ते कुस्तीच्या मातीच्या हौद्यात मधोमध गेले, खाली बसले, आणि उताणे पडले. हातपाय पसरून.

"वस्ताद! अहो, उठा! कुणी बघेल!"

वस्ताद हलेनात.

सर्जेरावानं बघितलं, पाठ मातीला लागली तरी वस्ताद वस्तादच. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला.

"मालन… बाई-बिई कुणी नाही. माझंच शरीर बिघडलंय. उद्या येतीस का संगट दवाखान्यात?"

पलीकडनं आवाज आला, "आठ महिने जीव खाल्लात माझा! येते. आज तूप बंद."

सर्जेरावाला हसू फुटलं. डोळे पुसत तो वस्तादांना उठवायला वाकला.

"थांब रे जरा," वस्ताद वर बघत म्हणाले, "या तालमीचं छप्पर एवढं देखणं आहे, मला कुणी सांगितलंच नव्हतं."